ऐकणाऱ्याचा हक्क : अवकाशविज्ञान आणि रेडिओ-कंप्रतांची सामायिक वाटणी

उमरी तालुक्यातील काळी जमीन रात्रंदिवस रेडिओ-तरंग बाहेर टाकीत असते. हे विधान प्रथमदर्शनी चमत्कारिक वाटले, तरी पदार्थविज्ञानाच्या अभ्यासकास त्यात नवे काही नाही. निरपेक्ष शून्याहून अधिक तापमान असलेला प्रत्येक पदार्थ प्रारण उत्सर्जित करतो, व त्या प्रारणाचा एक अत्यल्प अंश रेडिओ-तरंगांच्या रूपाने प्रकट होतो. जमीन कोरडी असली म्हणजे हे उत्सर्जन अधिक असते; तिच्यात पाणी मुरले म्हणजे ते घटते. कोरड्या मातीचा परावैद्युत स्थिरांक ३ ते ४ च्या आसपास, तर पाण्याचा ८० च्या आसपास असतो. त्यामुळे ओल वाढली की जमिनीची परावर्तनशक्ती वाढते आणि उत्सर्जनशक्ती कमी होते. युरोपीय अवकाश संस्थेचा २००९ साली सोडलेला ‘स्मॉस’ व अमेरिकेचा २०१५ साली सोडलेला ‘स्मॅप’ हे दोन उपग्रह याच भेदावरून जमिनीच्या वरच्या सुमारे ५ सेंटिमीटर थरातील ओल मोजतात. ज्या प्रदेशात दर दोन-चार वर्षांनी पावसाने दगा द्यावा, त्या मराठवाड्यासारख्या प्रदेशाला या मापनाचे मोल निराळे सांगावयास नको.

हे मापन १,४०० ते १,४२७ मेगाहर्ट्झ या पट्ट्यात केले जाते. उमरीच्या पश्चिमेस, जवळजवळ त्याच अक्षांशावर, पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडद येथे ‘जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप’ ही महादुर्बीण उभी आहे. उमरीच्या माथ्यावरून गेलेला तारा सुमारे १४ मिनिटांनी खोडदच्या माथ्यावर येतो. ही दुर्बीण आपल्या दीर्घिकेतील हायड्रोजन वायूचा वेध घेते, तोही याच पट्ट्यात. कारण उदासीन हायड्रोजन अणूची २१ सेंटिमीटर तरंगलांबीची रेषा १,४२०.४ मेगाहर्ट्झ या कंप्रतेवर, म्हणजे व्यवहारात जिला फ्रिक्वेन्सी म्हणतात तिच्यावर, पडते. खाली पाहणारा उपग्रह आणि वर पाहणारी दुर्बीण अशी दोन भिन्न विज्ञाने एकाच पट्ट्यावर अवलंबून आहेत, आणि दोहोंची मागणी एकच आहे : तेथे कोणी बोलू नये. ही मागणी कितपत न्याय्य आहे, ती कोणत्या व्यवस्थेने पुरी केली जाते आणि ती व्यवस्था आज कोठे अपुरी पडत आहे, याचे विवेचन प्रस्तुत लेखात करावयाचे आहे.

बोलणारे आणि ऐकणारे

रेडिओ-कंप्रता ही एक विलक्षण प्रकारची संपत्ती आहे. कोळसा अथवा पाणी वापरल्याने संपते. कंप्रता संपत नाही. प्रक्षेपक बंद केला की ती त्याच क्षणी पूर्ववत् मोकळी होते. परंतु एकाच स्थळी, एकाच वेळी, एकाच कंप्रतेवर दोघे बोलू लागले, तर दोघांचेही बोलणे वाया जाते. म्हणजे ही संपत्ती खर्च होत नाही, पण बिघडते. तिचे व्यवस्थापन म्हणजे साठा राखणे नव्हे, तर परस्परांस होणारा व्यत्यय टाळणे होय.

या संपत्तीचे उपभोक्ते दोन जातींचे आहेत. नभोवाणी, दूरचित्रवाणी, भ्रमणध्वनी, रडार व उपग्रह-दळणवळण हे सक्रिय उपभोक्ते; ते स्वतः प्रक्षेपण करतात, आणि व्यत्यय आल्यास आपली शक्ती वाढवू शकतात. रेडिओ-खगोलशास्त्र व उपग्रहावरून होणारे भूनिरीक्षण हे निष्क्रिय उपभोक्ते. ते केवळ ऐकतात. दूरच्या दीर्घिकेला मोठ्याने बोलण्याची विनंती करता येत नाही, किंवा कंप्रता बदलण्यास सांगता येत नाही. हायड्रोजनची कंप्रता अणूच्या रचनेने ठरविली आहे, आणि पृथ्वीवरील कोणतीही परिषद ती हलवू शकत नाही. ऐकणाऱ्याची बाजू मुळातच दुबळी आहे, ती या अर्थाने.

येथे आणखी एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. ज्या पट्ट्यात कोणी प्रक्षेपण करीत नाही तो पट्टा पडीक आहे, अशी समजूत सहज होते. गायरानात पीक दिसत नाही, म्हणून ते निरुपयोगी ठरत नाही. तसेच हे आहे. निष्क्रिय पट्ट्यात दिसणारी शांतता हाच त्याचा उपयोग होय.

अल्पतेचे गणित

ऐकणाऱ्याला इतकी कडक शांतता का लागते, हे आकड्यांवाचून स्पष्ट होणार नाही. रेडिओ-खगोलशास्त्रातील अभिस्रावाचे एकक ‘जान्स्की’ हे आहे. दर चौरस मीटरला, दर हर्ट्झला इतके वॅट, अशी त्याची व्याख्या. आणि त्यातील वॅटचा आकडा म्हणजे दशांशचिन्हापुढे २५ शून्ये देऊन मग १. खोडदच्या दुर्बिणीने दीर्घकाळ वेध घेतल्यास जान्स्कीच्या एक लक्षांशाएवढे उद्गमही ओळखता येतात.

आता असे समजू की चंद्रावर एक साधा भ्रमणध्वनी ठेवला आहे, तो १ वॅट शक्ती सर्व दिशांना सारखी फेकीत आहे, आणि ती २०० किलोहर्ट्झ रुंदीत पसरली आहे. चंद्राचे सरासरी अंतर ३,८४,४०० किलोमीटर धरून व्यस्तवर्गाच्या नियमाने हिशेब केल्यास पृथ्वीवर त्याचा अभिस्राव सुमारे २७० जान्स्की येतो. आकाशातील मोजके प्रखर उद्गम सोडले, तर इतका तेजस्वी रेडिओ-उद्गम दुसरा सापडणार नाही. आणि दुर्बिणीला जे पाहावयाचे आहे, त्याच्या अडीच कोटी पटींहूनही तो प्रखर ठरतो.

दुसरा मुद्दा मापनपद्धतीचा आहे. ग्राहक यंत्राचा स्वतःचा गोंगाट हा वेध घ्यावयाच्या संदेशाहून नेहमीच कितीतरी मोठा असतो. परंतु तो यादृच्छिक असल्यामुळे दीर्घकाळ सरासरी घेतल्यास क्षीण होत जातो. पट्ट्याची रुंदी व निरीक्षणाचा काळ यांच्या गुणाकाराच्या वर्गमूळाने तो घटतो. रुंदी १ मेगाहर्ट्झ आणि काळ १ तास घेतला, तर हा भाजक ६०,००० येतो. व्यत्ययाचे तसे नाही. तो यादृच्छिक नसतो. म्हणून सरासरीने तो वितळत नाही, उलट बाकी सर्व वितळल्यावर तोच उरतो.

जमिनीच्या ओलीच्या मापनात हा दोष अधिक फसवा ठरतो. ३०० केल्विन तापमानाच्या पृष्ठभागाकडून २७ मेगाहर्ट्झ रुंदीत मिळणारी शक्ती एका वॅटच्या सुमारे दहा लक्ष कोटीव्या भागाएवढी असते. तिच्यात एखाद्या रडारची किंवा सदोष प्रक्षेपकाची थोडीशी शक्ती मिसळली, की उपग्रहाला ती जमीन अधिक ‘उष्ण’ भासते. आणि अधिक उष्ण याचा अर्थ अधिक कोरडी, असा निष्कर्ष निघतो. प्रखर व्यत्यय लगेच ओळखू येतो, आणि ते मापन टाकून देता येते. मंद व्यत्यय मात्र ओळखू येत नाही. तो भिजलेल्या रानाला कोरडे ठरवून मोकळा होतो. ‘स्मॅप’च्या एका दृष्टिक्षेपात सुमारे ४० किलोमीटरचा प्रदेश येतो, हे लक्षात घेतले म्हणजे एका बेशिस्त प्रक्षेपकाने किती मोठ्या क्षेत्राची नोंद बिघडते, याची कल्पना येईल.

आंतरराष्ट्रीय व्यवस्था

तरंगांना सरहद्द नसते. म्हणून त्यांची वाटणी राष्ट्रांनी एकत्र येऊनच करावी लागते. १८६५ साली पॅरिस येथे तारायंत्रासाठी स्थापन झालेला संघ पुढे आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ झाला, आणि आज तो संयुक्त राष्ट्रांची एक विशेष संस्था आहे. त्याची ‘रेडिओ नियमावली’ हा आंतरराष्ट्रीय कराराचा दर्जा असलेला ग्रंथ आहे. दर तीन-चार वर्षांनी भरणाऱ्या जागतिक रेडिओ परिषदेत त्यात दुरुस्त्या होतात.

या नियमावलीत विज्ञानाला स्थान मिळाले ते उशिरा. हायड्रोजनच्या २१ सेंटिमीटर रेषेचे भाकीत हॉलंडच्या व्हॅन डे हुल्स्ट यांनी १९४४ साली केले. ती रेषा प्रत्यक्ष सापडली १९५१ साली. १९५९ च्या जिनीव्हा परिषदेत रेडिओ-खगोलशास्त्राला एक स्वतंत्र ‘सेवा’ म्हणून प्रथम मान्यता मिळाली. पुढच्याच वर्षी खगोल, रेडिओ व अवकाश या क्षेत्रांतील तीन आंतरराष्ट्रीय वैज्ञानिक संघटनांनी मिळून कंप्रता-वाटपावर लक्ष ठेवणारी एक कायम समिती नेमली, आणि १९६३ च्या असाधारण परिषदेत अवकाश-दळणवळणासाठी पट्टे ठरले.

या व्यवस्थेत तीन पायऱ्या आहेत. नियमावली पट्टा ‘सेवे’ला नेमून देते, प्रत्येक राष्ट्र आपल्या आराखड्यात तो आपल्या उपयोगांना वाटते, आणि शेवटी विशिष्ट केंद्राला विशिष्ट कंप्रतेचा परवाना मिळतो. भारतात हे काम १९५२ साली स्थापन झालेली ‘वायरलेस प्लॅनिंग अँड कोऑर्डिनेशन’ ही शाखा पाहते. ज्यांना पट्टा प्राथमिक हक्काने मिळतो, त्यांना दुय्यम हक्काच्या उपभोक्त्यांपासून संरक्षण मागता येते. दुय्यमांना तसे मागता येत नाही. सर्वांत कडक तरतूद तळटीप ५.३४० मध्ये आहे : १,४०० ते १,४२७ मेगाहर्ट्झसह काही पट्ट्यांत सर्व प्रकारच्या प्रक्षेपणास मनाई. ज्या पट्ट्यावर आपला उपग्रह व आपली दुर्बीण ही दोन्ही विसंबून आहेत, तो हाच.

कल्याण ते खोडद

भारतीय रेडिओ-खगोलशास्त्राचा इतिहास महाराष्ट्रापासून सुरू होतो. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील गोविंद स्वरूप (१९२९–२०२०) आणि त्यांचे सहकारी यांनी १९६५ साली कल्याणजवळ ३२ लहान तबकड्यांचा व्यतिकरणमापक उभारून ६१० मेगाहर्ट्झवर सूर्याचे वेध घेतले. १९७० साली उटकमंड येथे ५३० मीटर लांब व ३० मीटर रुंद अशी दुर्बीण ३२७ मेगाहर्ट्झच्या आसपास काम करू लागली. पुढे खोडदची महादुर्बीण उभी राहिली. तिच्यात ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत. त्यांतील १४ मध्यवर्ती सुमारे १ किलोमीटरच्या चौरसात, तर १६ तबकड्या इंग्रजी ‘वाय’ अक्षराच्या आकाराच्या तीन भुजांवर आहेत. सर्वाधिक अंतर सुमारे २५ किलोमीटर. जागा निवडताना मनुष्यनिर्मित गोंगाट कमी असणे, ही एक प्रमुख कसोटी होती.

या दुर्बिणींनी निवडलेल्या कंप्रता आणि नियमावलीतील तरतुदी यांचा मेळ पाहण्यासारखा आहे. ३२२ ते ३२८.६ मेगाहर्ट्झ हा पट्टा जगभर रेडिओ-खगोलशास्त्राला प्राथमिक हक्काने मिळालेला आहे. मात्र तो इतर सेवांच्या भागीदारीत आहे. १५०.०५ ते १५३ मेगाहर्ट्झ हा पट्टा भारत व ऑस्ट्रेलिया यांच्यासाठी, आणि ६०८ ते ६१४ मेगाहर्ट्झ हा पट्टा भारतासाठी, विशेष तळटिपांनी प्राथमिक हक्काने जोडून दिलेला आहे. तळटीप हा शब्द कानाला क्षुल्लक वाटतो. परंतु कंप्रतांच्या जगात राष्ट्राचे हित बहुधा तळटिपेतच वसत असते.

शेजाऱ्यांची भांडणे न होता कंप्रतांची वाटणी कशी होऊ शकते, याचेही उदाहरण तेथेच आहे. जुन्नर तालुक्यातच आर्वी येथे भारताचे पहिले व्यापारी उपग्रह-दळणवळण केंद्र १९७१ साली सुरू झाले. अशा केंद्रांचे प्रक्षेपण ६,००० मेगाहर्ट्झच्या आणि ग्रहण ४,००० मेगाहर्ट्झच्या आसपास चाले. खोडदच्या दुर्बिणीची मजल सुमारे १,४५० मेगाहर्ट्झपर्यंत. दोघांच्या कंप्रता इतक्या दूर असल्यामुळे दोघे शेजारी नांदू शकले.

विश्व आराखडा पाळीत नाही

नेमून दिलेले पट्टे राखले, की प्रश्न सुटला, असे १९५९ साली वाटणे स्वाभाविक होते. आज तसे म्हणता येत नाही. याचे कारण ताम्रच्युती. विश्व प्रसरण पावत असल्यामुळे दूरच्या दीर्घिकेतून निघालेल्या तरंगाची लांबी वाटेत वाढते व कंप्रता घटते. दीर्घिका जितकी दूर, तितकी हायड्रोजनची रेषा १,४२० मेगाहर्ट्झपासून खाली सरकते, आणि संरक्षित पट्ट्यातून बाहेर पडते.

२०२० साली आदित्य चौधरी, निसीम कानेकर, जयराम चेंगलूर व त्यांचे सहकारी यांनी खोडदच्या दुर्बिणीच्या साहाय्याने ७,६५३ दीर्घिकांचे संदेश एकत्र मिळवून त्यांतील हायड्रोजनचे सरासरी वस्तुमान काढले. या दीर्घिकांची ताम्रच्युती ०.७४ ते १.४५ होती. १,४२०.४ या आकड्याला १.७४ व २.४५ यांनी भागले, की ८१६ व ५८० मेगाहर्ट्झ या मर्यादा येतात. म्हणजे तो संदेश जवळजवळ २३६ मेगाहर्ट्झ रुंदीत विखुरलेला. आणि संरक्षित पट्टा ६ मेगाहर्ट्झचा! या विस्तारातच ७०३ ते ७४८ व ७५८ ते ८०३ मेगाहर्ट्झ हे भ्रमणध्वनीचे पट्टे येतात. त्यांतील कंप्रता २०२२ च्या लिलावात विकल्या गेल्या.

लिलावाला दोष देण्याचे कारण नाही. मर्यादित साधन खुल्या स्पर्धेने वाटावे, हे तत्त्व समंजसपणाचे आहे. तथापि, ज्या उपयोगातून उत्पन्न निघत नाही, तो लिलावात उभाच राहू शकत नाही. २०२३ च्या दूरसंचार अधिनियमाने लिलाव हा सर्वसाधारण नियम ठरवून, पहिल्या अनुसूचीत आपत्ती-व्यवस्थापन, हवामान, अवकाश-संशोधन यांसारख्या उपयोगांना प्रशासकीय नेमणुकीची वाट ठेवली आहे, ती याच जाणिवेतून होय. परंतु अशी नेमणूकही मूलतः प्रक्षेपण करणाऱ्याच्या उपयोगी पडते. ज्याला केवळ ऐकावयाचे आहे, त्याची गरज कंप्रता मिळण्याची नसून इतरांनी ती न बिघडविण्याची आहे.

शेजारच्या पट्ट्याचा त्रासही असाच सूक्ष्म आहे. हवेतील बाष्प मोजणारे हवामान-उपग्रह २३.८ गिगाहर्ट्झच्या आसपास ऐकतात, २३.६ ते २४ गिगाहर्ट्झ हा पट्टा संपूर्ण मनाईचा आहे. त्याला लागूनच २४.२५ गिगाहर्ट्झपासून पाचव्या पिढीच्या भ्रमणध्वनीचा पट्टा सुरू होतो. भ्रमणध्वनीच्या केंद्रांतून या निष्क्रिय पट्ट्यात किती शक्ती झिरपावी, यावर २०१९ च्या जागतिक परिषदेत मोठा वाद झाला. अखेर २०० मेगाहर्ट्झ रुंदीत उणे ३३ डेसिबेल-वॅट, आणि १ सप्टेंबर २०२७ नंतर वापरात येणाऱ्या केंद्रांसाठी उणे ३९ डेसिबेल-वॅट, अशी मर्यादा ठरली. सहा डेसिबेलचा फरक म्हणजे शक्ती एक-चतुर्थांश. पावसाचा अंदाज या आकड्यांवर अवलंबून असतो, हे शेतकऱ्याच्या कानी सहसा जात नाही.

अवकाशातून येणारे बोलणे

दूरच्या यानांशी संभाषण करणारे शास्त्रज्ञ बोलणारेही असतात व ऐकणारेही असतात. खोल अवकाशातील यानांचे संदेश उतरण्यासाठी २,२९० ते २,३०० व ८,४०० ते ८,४५० मेगाहर्ट्झ हे पट्टे ठरलेले आहेत. बंगळूरजवळ ब्यालालू येथील ३२ मीटर व्यासाची तबकडी २००८ च्या चांद्रयान मोहिमेपासून असे संदेश टिपीत आली आहे. उलट दिशेने, यानाकडे आज्ञा धाडण्याचा एक पट्टा २,११० ते २,१२० मेगाहर्ट्झचा आहे. आणि भ्रमणध्वनीचे मनोरे २,११० ते २,१७० मेगाहर्ट्झमध्ये बोलतात. येथे प्रबळ बाजू शास्त्रज्ञांची आहे, म्हणून काळजीही त्यांनीच घ्यावयाची असते.

१९ ऑक्टोबर २०१६ रोजी युरोपीय अवकाश संस्थेचे ‘स्कियापरेली’ हे यान मंगळावर उतरत होते. त्याचा संदेश सुमारे ४०१ मेगाहर्ट्झवर होता, आणि तो वस्तुतः मंगळाभोवती फिरणाऱ्या यानासाठी होता. खोडदच्या दुर्बिणीने तो कोट्यवधी किलोमीटरांवरून थेट टिपला. उतरत्या यानाचा वेग बदलत होता, तसतशी डॉप्लर-परिणामाने कंप्रता सरकत होती. आणि उतरण्याच्या नियोजित क्षणापूर्वीच संदेश थांबला. यान कोसळले होते. पृथ्वीवर याच कंप्रतांच्या आसपास हवामानखात्याचे फुग्यांवरील प्रक्षेपक बोलत असतात. एकच कंप्रता दोन ग्रहांवर दोन कामे करू शकते. पण त्यांतील दूरचे बोलणे ऐकावयाचे असेल, तर जवळचे क्षणभर शांत असावे लागते.

उपग्रहांची गोष्ट अधिक कठीण आहे. डोंगराआड दुर्बीण लपविता येते. आकाशाआड लपविता येत नाही. १९८० च्या दशकात रशियाच्या ‘ग्लोनास’ दिशादर्शक उपग्रहांनी १,६१२ मेगाहर्ट्झवरील हायड्रॉक्सिल रेषेचे निरीक्षण जगभर अवघड केले. वाटाघाटी होऊन १९९३ साली करार झाला, आणि त्या उपग्रहांच्या कंप्रता टप्प्याटप्प्याने खाली सरकविण्यात आल्या. हा इतिहास आशादायक आहे. परंतु २०२३ साली ‘लोफार’ या युरोपीय दुर्बिणीने वेगळीच अडचण दाखविली. ‘स्टारलिंक’च्या निरीक्षिलेल्या ६८ उपग्रहांपैकी ४७ उपग्रहांकडून ११० ते १८८ मेगाहर्ट्झमध्ये प्रारण येत असल्याचे आढळले. हे प्रक्षेपण नव्हे. उपग्रहातील विद्युत्-उपकरणांची ती गळती होती. आपला १५०.०५ ते १५३ मेगाहर्ट्झचा पट्टा या विस्तारात येतो. जे प्रक्षेपणच नाही त्याला परवाना लागत नाही, आणि परवाना नाही म्हणून नियमही सहजी लागू पडत नाही. २०२७ च्या जागतिक परिषदेच्या कार्यक्रमपत्रिकेवर उपग्रह-समूहांपासून रेडिओ-दुर्बिणींचे व शांतताक्षेत्रांचे रक्षण, तसेच चंद्रावरील दळणवळणाच्या कंप्रता, हे विषय आलेले आहेत. चंद्राची पाठमोरी बाजू पृथ्वीच्या गोंगाटापासून झाकलेली असल्यामुळे नियमावलीने ती पूर्वीच रेडिओ-निरीक्षणासाठी राखून ठेवली आहे; तेथे माणसाची वस्ती होण्यापूर्वीच हा प्रश्न उभा राहावा, हे सूचक आहे.

वाटणीच्या चार रीती

या सर्व उदाहरणांवरून सामायिक वाटणीच्या चार रीती हाती लागतात. पहिली कंप्रतेने : ज्याचा त्याला पट्टा. दुसरी स्थळाने : अमेरिकेत ग्रीन बँकभोवती १९५८ साली शांतताक्षेत्र ठरविण्यात आले, दक्षिण आफ्रिकेने २००७ साली खगोलनिरीक्षणास अनुकूल प्रदेशांसाठी स्वतंत्र कायदा केला. तिसरी वेळेने : एकाने बोलावे तेव्हा दुसऱ्याने थांबावे, किंवा उपग्रह दुर्बिणीच्या दृष्टिक्षेत्रातून जाताना त्याने आपला झोत वळवावा. चौथी तंत्राने : प्रक्षेपकाला गाळणी, उपकरणांना आवरण, आणि ग्राहक यंत्रात व्यत्यय ओळखणारी गणिती योजना. खोडद येथे विजेच्या तारांवरील ठिणग्यांचे क्षणिक तडाखे ओळखण्यासाठी मध्यकाधारित संख्याशास्त्रीय गाळणी वापरली जाते. कारण मध्यमानाप्रमाणे मध्यक एखाद्या राक्षसी आकड्याने बिघडत नाही.

पहिली रीत एकटी पुरी पडत नाही, हे वर दिसलेच. जेथे पट्टा राखता येत नाही तेथे स्थळ राखावे, स्थळ राखता येत नाही तेथे वेळ, आणि जेथे काहीच राखता येत नाही तेथे यंत्र अधिक शहाणे करावे, हाच व्यवहार्य क्रम आहे. परंतु चौथ्या रीतीला मर्यादा आहे. गाळणीने व्यत्ययाबरोबर निरीक्षणही टाकले जाते. टाकलेला वेध परत येत नाही.

शांततेची किंमत

शांतता फुकट मिळत नाही, आणि तिची किंमत बहुधा शेजारी राहणाऱ्यांना पडते. महाराष्ट्र शासनाने महादुर्बिणीच्या परिसरात नव्या उद्योगांवर निर्बंध घातले आहेत. पुणे–नाशिक द्रुतगती रेल्वेचा प्रस्तावित सरळ मार्ग नारायणगाव भागातून जात होता. विजेवर धावणाऱ्या गाडीचा पँटोग्राफ व वरची तार यांच्या स्पर्शात ठिणग्या उडतात, आणि ठिणगी ही फार रुंद पट्ट्यावर बोलणारी प्रक्षेपक असते. दुर्बिणीला होणारी बाधा लक्षात घेऊन रेल्वे मंत्रालयाने २०२४–२५ मध्ये हा मार्ग स्वीकारला नाही, आणि शिर्डीकडून जाणारा पर्याय पुढे आला. जुन्नर–आंबेगावच्या रहिवाशांनी व लोकप्रतिनिधींनी सरळ मार्गाचीच मागणी लावून धरली. त्यांची तक्रार अज्ञानातून आलेली आहे, असे म्हणणे अन्यायाचे होईल. रेल्वे गेली तर जाते ती त्यांची; दीर्घिकेतील हायड्रोजनचे ज्ञान मिळते ते सर्व जगाला.

म्हणूनच ऐकणाऱ्याच्या हक्काला जोडून ऐकणाऱ्याची कर्तव्येही येतात. जेवढी शांतता खरोखरी लागते तेवढीच मागावी. मागणीचा आकडा मोजून द्यावा. तंत्राने जे साधते ते साधून मगच निर्बंध सुचवावेत. आणि ज्यांना त्या निर्बंधांचा भार पडतो त्यांना आपल्या कामाचे प्रयोजन त्यांच्या भाषेत सांगावे. खोडद येथे दरवर्षी २८ फेब्रुवारीस, राष्ट्रीय विज्ञानदिनी, भरणारे प्रदर्शन हे या दिशेने पडलेले पाऊल होय.

मराठवाड्यापुढील काम

हा प्रश्न आता पुणे जिल्ह्यापुरता राहिलेला नाही. नांदेडला लागून असलेल्या हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ गुरुत्वीय तरंगांची ‘लायगो-इंडिया’ वेधशाळा उभारण्यास केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी दिली. तिला हवी असलेली शांतता रेडिओ-तरंगांची नसून जमिनीच्या कंपनांची आहे. पण प्रश्नाचे स्वरूप तेच : शेजाऱ्यांच्या दैनंदिन व्यवहारात एक अतिसूक्ष्म संदेश ऐकावयाचा. शिवाय, १७ ऑगस्ट २०१७ रोजी नोंदलेल्या न्यूट्रॉन ताऱ्यांच्या मीलनानंतर त्याच्या रेडिओ-प्रभेचा पाठपुरावा खोडदच्या दुर्बिणीनेही केला. उद्या औंढ्यात नोंदलेल्या घटनेचा उत्तरार्ध खोडद येथे वाचला जाण्याचा संभव आहे. भारत ‘स्क्वेअर किलोमीटर ॲरे’ या आंतरराष्ट्रीय प्रकल्पातही सहभागी झाला आहे. त्यासाठी शासनाने सुमारे १,२५० कोटी रुपये मंजूर केले आहेत.

पदव्युत्तर विद्यार्थ्यांना या कामात आजही भाग घेता येईल. एक रुंद पट्ट्याचा अँटेना, कमी गोंगाटाचा प्रवर्धक आणि संगणकाला जोडावयाचे साधे ग्राहक यंत्र एवढ्या साहित्यावर एखाद्या ठिकाणचा कंप्रता-पट महिनोन् महिने नोंदविता येतो. उमरीसारख्या तालुक्याच्या गावी, बाजारपेठेत व गावाबाहेरच्या शिवारात, ५० ते १,५०० मेगाहर्ट्झमध्ये कोण केव्हा किती बोलते. १,४०० ते १,४२७ हा मनाईचा पट्टा प्रत्यक्षात कितपत शांत आहे. विजेचे जुने रोहित्र किंवा दूरचित्रवाणीचा सदोष प्रवर्धक किती दूरवर गोंगाट पसरवितो. उपग्रहाने दिलेली ओल आणि कुदळीने खणून, भट्टीत वाळवून, तराजूने मोजलेली ओल यांत किती अंतर पडते – असे प्रश्न लहान दिसले तरी त्यांची उत्तरे कोणत्याही आराखड्यात छापलेली नाहीत. वाटणीचे नियम जिनीव्हात ठरतात. परंतु ते पाळले जात आहेत की नाही, हे ज्याच्या त्याच्या शिवारात उभे राहूनच मोजावे लागते. त्या मोजणीचे आकडे जवळ असतील, तरच ऐकणाऱ्याची बाजू परिषदेत मांडता येईल.